वर चार, खाली ब्याण्णव

"बाबा, तुमचा फोन तीन महिन्यांत फक्त तेरा वेळा खाली आलाय," लेक म्हणाली तेव्हा मी स्टुलावर उभा होतो, उजव्या हाताने वायफायची पांढरी डबी पुस्तकांच्या कपाटावर धरून, डाव्या हातात फोन. स्टूल डगमगलं. मी कपाटाची कड धरली. कपाटावर बोटभर धूळ होती, ती तळव्याला चिकटली. "ऐकताय ना?" ती म्हणाली. ऐकतोय, म्हटलं, डबी कुठे ठेवू ते सांग. "थांबा हो, मी यादीच बघतेय. कुठला फोन कुठल्या डबीला चिकटून बसतो ते इथे दिसतं. कधीकधी फोन लांबच्या डबीला धरून बसतो, सोडतच नाही, म्हणून स्पीड पडतो. ते बघायला उघडली यादी." माझ्याकडे दुपारचे बारा वाजायला आले होते, तिच्याकडे पहाटेचे सहा-साडेसहा. इतक्या पहाटे ही जागी कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच होतं: ही यादी. तीन महिने तीन पांढऱ्या डब्या घरात बसून, एक अक्षर न बोलता, कोण कुठल्या मजल्यावर आहे ते लिहून घेत होत्या, आणि त्यांतल्या वरच्या डबीवरची धूळ मी रोज फडक्याने पुसत होतो.

गोष्ट तशी साधी. खाली दिवाणखान्यात नेटचा स्पीड ब्याण्णव यायचा आणि वर माझ्या टेबलापाशी चार. कधी तीन. एकदा पावणेसहा आला तर मी तारखेसकट कागदावर लिहून ठेवला. निवृत्त झालो तरी जुन्या कचेरीचं काम मी घरून करतो. इमारतीच्या स्लॅबमध्ये, बीममध्ये सळया कुठे, किती जाडीच्या, किती अंतरावर, हे दाखवणारी ड्रॉइंगं तपासायची आणि चुकेल तिथे लाल खूण करायची. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. त्यात मी पटाईत आहे. आत्ताचे साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान, माणूस सज्जन, पण तेही परवा म्हणाले, "काका, तुमच्याकडे ड्रॉइंग बैलगाडीने येतं का?" ही तक्रार मी लेकीला सांगितली, तर तिने तिकडून ऑर्डर करून या तीन डब्या पाठवल्या. मेश म्हणतात याला. एक डबी मुख्य, बाकीच्या दोन तिच्याशी हवेतून बोलतात आणि घरभर जाळं पसरतं. तिनेच तिकडे बसून त्यांना नावं दिली: 'खाली', 'स्वयंपाकघर' आणि 'वर'. सगळ्या जाळ्याचं नाव 'घर'. बसवायला नेटवाला आला होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वतःची शिडी न आणता आमच्याकडे शिडी मागणारा. त्याने माझ्या टेबलावर डबी ठेवायला नाखुशी दाखवली. म्हणाला, "काका, ही काय विहीर नाही, रांजण आहे. खालून जेवढं येईल तेवढंच भरणार. जिथे येतच नाही तिथे ठेवून उपयोग काय? जिथवर चांगलं येतंय तिथे ठेवा. मधे. जिन्यात." जिन्यात नको, मी म्हणालो, आणि ते इतक्या झटकन म्हणालो की त्याने पक्कड खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मग खांदे उडवून म्हणाला, घर तुमचं.

घर माझंच. सत्तावीस वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा स्लॅबचं ड्रॉइंग मीच काढलं होतं. एक जाळी पुरली असती तिथे मी दोन घातल्या, एक वर, एक खाली, दहा एमएमची सळई, चार-चार इंचांवर. हिशेबाने इतकी लागत नव्हती. पण दुसऱ्याच्या घरासाठी हिशेब पुरतो, स्वतःच्या घराला पुरत नाही. रात्री पडल्या पडल्या स्लॅब वाकलेला दिसायचा आणि सकाळी उठून मी सळई वाढवायचो. कंत्राटदार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, वर काय हत्ती बांधणार आहात का?" बायको शेजारी उभी होती, लेक तिच्या कडेवर. ती म्हणाली, "हत्ती कशाला? हेच राहतील वर." आम्ही तिघंही हसलो होतो. आता त्या दोन जाळ्या माझ्या पायांखाली आहेत आणि नेटला वर येऊ देत नाहीत. मेश म्हणजे जाळीच की. मी लेकीला म्हटलंसुद्धा, अगं, माझ्या जाळीतून तुझं जाळं जात नाही. तिला वाटलं बाबा कोटी करतायत. त्या स्लॅबमध्ये मोकळी जागा एकच, जिन्याची. त्या चौकोनात सळई नाही, काँक्रीट नाही. वर येणारं जे काही असतं ते तिथूनच येतं: खालच्या टीव्हीचा आवाज, फोडणीचा वास, चार एमबीपीएस, आणि माझा जेवणाचा डबा.

डबा सव्वाबाराला येतो. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, नवव्या पायरीवर वळण, तिथे दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढी जागा. बायको तिथे डबा ठेवते आणि मला मिस्ड कॉल देते. एकच रिंग. मी तिचा दरवाजा लागल्याचा आवाज ऐकतो आणि मग उतरतो. जेवण झालं की डबा घासून, पुसून, झाकण उघडं टाकून तिथेच ठेवतो. डब्यात कधी मीठ कमी नसतं, पोळी कधी गार नसते. लोकांना वाटतं नवरा-बायको बोलेनासे होतात ते कसल्यातरी मोठ्या कारणाने. आमच्यात भांडण झालंच नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं. तीन वर्षांपूर्वी मला ताप आला, डॉक्टर म्हणाले, चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहा, तिला लागण नको. मी वर आलो. चौदा दिवस डबा नवव्या पायरीवर. पंधराव्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. वाटलं, आता हाक येईल: अहो, झाले की चौदा दिवस, या आता खाली. सव्वाबाराला रिंग आली. मी गेलो, तर पायरीवर डबा. मी उचलला. दुसरं काय करणार? स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोकडे 'मी येऊ का' म्हणून विचारायचं? सोळाव्या दिवशी तेच. सतराव्या दिवशी तेच. पुढे सदऱ्याची इस्त्री मोडली.

तिला काय वाटलं असेल याचा विचार मी पहिली दोन वर्षं केलाच नाही. स्वतःच्या फुगलेल्या गालांआड माझं बरं चाललं होतं. केला तेव्हा दोन गोष्टी सुचल्या. तीही त्या दिवशी खाली वाट बघत असेल, की बघू, हे आपण होऊन येतात का. आणि नाही आलो म्हणून तिने डबा भरला असेल. किंवा ती वाट बघतच नसेल, तिला पंधरा दिवसांत मोकळं मोकळं वाटायला लागलं असेल. यांतलं जास्त वाईट कुठलं ते मला अजून ठरवता येत नाही. मधल्या काळात वरच्या खोलीने मला हळूहळू आपलंसं करून घेतलं. पलंग, टेबल, कपाट, न्हाणीघर, आणि खिडकीतून शेजारच्या घराची भिंत, तिच्यावरून जाणारा पाइप. त्या पाइपाला चार सांधे आहेत आणि तिसरा गळतो. संध्याकाळी फोन वरच ठेवून फिरायला जातो. दिवाणखान्यातून जावं लागतं, तेव्हा 'जाऊन येतो' असं मी हवेला सांगतो आणि हवा 'हं' म्हणते. परत आलो की सतरा पायऱ्या. वर पोचलो की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं आणि बरंही वाटतं. बरं वाटतं याचीच मला जास्त धास्ती आहे.

रविवारचं मात्र वेगळं. रविवारी दुपारी चारला लेकीचा व्हिडिओ कॉल असतो. पावणेचारला मी दाढी करून, फोन खिशात टाकून खाली जातो. बायकोने टॅब स्टँडवर लावलेला असतो. मी डावीकडे, ती उजवीकडे. चौकटीत दोघं मावत नाहीत म्हणून ती माझ्याकडे सरकते, आणि खांदा अवघडतो म्हणून तिचा हात माझ्या पाठीमागून सोफ्याच्या पाठीवर. "बघ गं तुझे बाबा, अजिबात ऐकत नाहीत, काल परत चष्मा विसरून गेले," ती म्हणते. मी म्हणतो, चष्मा विसरलो म्हणून तर चाळीस वर्षं सुखात गेली, नीट दिसलं असतं तर काही खरं नव्हतं. लेक खळखळून हसते. बायकोही हसते, आणि हसताना तिचं बोट माझ्या खांद्याला लागतं. हे सगळं ठरवून केलेलं नाही. पहिल्या रविवारी लेकीला काळजी नको म्हणून बसलो, आणि मग ते बसूनच राहिलं. कॉल संपतो, टॅबचा पडदा काळा होतो, त्यात आम्ही दोघं क्षणभर दिसतो, आणि ती उठून स्वयंपाकघरात जाते. पंचवीस मिनिटं. खरं सांगायचं तर सोमवारपासून मी त्या पंचवीस मिनिटांची वाट बघत असतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच.

आणि याच सोफ्यावर, तीन रविवारांपूर्वी, लेकीने ते वाक्य उच्चारलं. जावयाबद्दल ती कधी फार बोलत नाही. त्या दिवशी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तो आठ-आठ दिवस बोलत नाही, बाबा. भांडत नाही, काही नाही. एका घरात दोन भाडेकरू असल्यासारखं. कधीकधी वाटतं, बॅग भरावी. मग तुम्हा दोघांना बघते रविवारी, आणि म्हणते, थांबू या. यांचंही सुरुवातीला असंच असेल." बायकोचा हात सोफ्याच्या पाठीवरून निघाला हे मला जाणवलं. त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो. म्हणालो, "अगं, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. धीर धर. आम्हाला बघ." आम्हाला बघ! तिथे भांड्याला भांडं लागत नव्हतं हीच तर तिची तक्रार होती, आणि मी म्हण फेकून मोकळा झालो. लेकीने मान डोलावली. तेव्हापासून तीन आठवडे मी तेच वाक्य घोळवतोय. तिकडे एक मुलगी एका घरात अडकून बसली आहे, कारण इकडे दोन म्हातारे रविवारी पंचवीस मिनिटं हसतात. हे नाटक थांबवावं तर तिच्या पायाखालची जमीन जाते. चालू ठेवावं तर ती तिथेच राहते, वर्षानुवर्षं, कुठल्यातरी नवव्या पायरीवर डबा ठेवत किंवा उचलत.

"बाबा, तेरा वेळा म्हणजे कसं काय?" लेक फोनवर विचारत होती. मी स्टुलावरून उतरलो. "फोन वर विसरतो मी," म्हटलं, "वय झालं." म्हणालो आणि मला माझाच राग आला, कारण ते चष्म्याच्या विनोदाच्या चालीवर आलं होतं. "बरं," ती म्हणाली. "लॅपटॉपपण वरच." लॅपटॉप टेबलावरच असतो, कामाचा आहे. "हो. आणि आईचा फोन वर एकदाही नाही. शून्य." आईचे गुडघे दुखतात, मी म्हणालो. हे अर्धं खरं होतं. माऊसच्या चाकाचा आवाज येत होता, कुरकुर, कुरकुर, ती यादी खाली-खाली सरकवत असणार. मी त्या आवाजाकडे कान लावून बसलो. चाळीस वर्षं मी लोकांची ड्रॉइंगं अशीच शांतपणे खालीवर करत आलो, आणि समोर बसलेल्या पोराटोरांचे चेहरे तेव्हा कसे होत असतील ते मला आज कळलं. लाल खूण कुठे होणार हे मला ठाऊक होतं. "तेराही वेळा रविवार आहे," ती म्हणाली. "पावणेचार ते चार पंचवीस." खिडकीबाहेर तिसऱ्या सांध्यातून थेंब पडला. "ठीक आहे," ती वेगळ्याच, कामाच्या आवाजात म्हणाली, "आधी स्पीडचं बघू. डबी जिन्यात ठेवून बघा. वळणावर. मी थांबते."

जिन्यात प्लग नाही. वळणाला सर्वांत जवळचा प्लग खाली, बायकोच्या खोलीच्या दाराशी. म्हणजे लांब वायरचा बोर्ड हवा, आणि तो बोर्ड बायकोकडे. मी पायऱ्या उतरलो, फोन हातात, डबी काखेत. वर डबीची वायर काढली तेव्हाच तिथला नेट गेला होता आणि लेकीचा कॉल तुटला होता. बाराला पाच मिनिटं होती; डब्याच्या वेळेआधी, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी, मी खालच्या मजल्यावर उभा होतो. बायको खुर्चीत बसून ताटातले तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं आणि ताट बाजूला ठेवलं.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"नाही नाही. बोर्ड हवा होता. लांब वायरचा."

"बोर्ड," ती म्हणाली, जणू मी परदेशी भाषेतला शब्द उच्चारला होता. मग उठून कपाटातून काढून दिला. मी प्लग लावला तर तो सैल. हात काढला की डबीचा दिवा विझायचा. "धरते मी," ती म्हणाली. "तुम्ही वर ठेवा ती." मी वळणावर डबी ठेवली, वायर पायऱ्यांवरून खाली गेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बायको भिंतीला टेकून प्लग दाबून उभी होती. डबीला जागं व्हायला तीन मिनिटं लागतात. दिवा आधी लाल, मग लुकलुकत राहतो. तीन वर्षांत आम्ही दोघं टॅबशिवाय इतका वेळ एकमेकांसमोर उभे राहिलो नव्हतो. तिचे केस पुढून बरेच पांढरे झाले होते. टॅबवर ते दिसत नाहीत, टॅबवर मी आमच्याकडे बघतो, तिच्याकडे नाही.

"तिला कळलंय," मी म्हणालो.

"कुणाला?"

"लेकीला. या डब्या नोंद ठेवतात. कुणाचा फोन कुठल्या मजल्यावर असतो. माझा वर, तुझा खाली. मी रविवारी तेवढा येतो, हेसुद्धा. मिनिटासकट."

तिने लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघितलं. "किती दिवसांची नोंद?"

"तीन महिन्यांची."

"मग बरं," ती म्हणाली. "तीन वर्षांची नाही."

मी म्हणालो, "मी सांगितलंय, फोन विसरतो म्हणून. तुझे गुडघे दुखतात म्हणून. आता परत फोन येईल तिचा, तेव्हा तू जरा सांभाळून घे."

"मी सांभाळूनच घेतेय," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तुमचा डबा, तुमचा रविवार, सगळं सांभाळूनच घेतेय. त्या दिवशी तुम्ही तिला म्हणालात ना, आम्हाला बघ. मी रात्रभर बसून होते. म्हटलं, आपण हिला काय बघायला सांगतोय?"

मला पंधराव्या दिवसाचं विचारायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होते: तू तेव्हा हाक का नाही मारलीस? पण तो प्रश्न उलटा येऊन माझ्याच अंगावर पडला असता, हे आता, तिचा हात प्लगवर बघताना, मला स्वच्छ दिसलं. दिवा हिरवा झाला. लगेच माझा फोन वाजला. मी स्पीकर चालू केला, कारण एका हाताने डबी धरायची होती. किंवा मला एकट्याने ऐकायचं नव्हतं.

"आली 'वर' परत," लेक म्हणाली. "पण ती आता वर नाही, हो ना? स्पीड बघा." मी बघितला. एकसष्ट. सांगितलं. "बघा, नेटवाला बरोबर म्हणत होता. आई, तू पण आहेस ना तिथे? श्वास ऐकू येतोय."

"आहे," बायको खालून म्हणाली.

"दोघं एका जागी. तेही गुरुवारी," लेक म्हणाली. ते विनोदासारखं बोलायला गेली, पण शेवटचा शब्द फाटला. "बाबा, एक विचारू? तुम्हाला वाटत नाही का, की ही असली यादी इतकी पटकन कुणाला कशी वाचता येते? एरवी कोण बघतं, कुठला फोन कुठे आहे ते? आमच्याकडेही तीन डब्या आहेत. तुमच्या घ्यायच्या आधी मी आमच्याच घेतल्या. मी वर झोपते. त्याचा फोन सात महिन्यांत एकदाही वर आलेला नाही. रविवारीसुद्धा नाही. मी पहाटे उठून बघते, आज तरी आला असेल का म्हणून. रोज बघते."

माझ्या तोंडात म्हण तयार होती. खरंच होती. धीर धर, पहिली दहा वर्षं अशीच, चार दिवस सासूचे चार दिवस सुनेचे, काय वाट्टेल ते. इतक्या म्हणी माणसाने कशासाठी करून ठेवल्या असतील, तर अशाच वेळी तोंड भरलेलं असावं म्हणून. मी तोंड उघडलं आणि बायकोने खालून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला चांगली ठाऊक होती. कंत्राटदारासमोर मी सळई आणखी वाढवायला निघालो होतो तेव्हा तिने असंच बघितलं होतं, आता पुरे म्हणून. तेव्हा मी ऐकलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

"आमच्याकडे बघून राहू नकोस," बायको म्हणाली. प्लग तसाच धरलेला, मान वर करून, वळणावरच्या फोनला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने. "आमच्यात बघण्यासारखं काही नाही. तुझे बाबा तीन वर्षं वर राहतात. मी खाली. कुणी वाईट वागलं नाही, तेच तर. नुसतं राहून गेलं. तुझं तसं राहून जायला नको."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा?" लेक म्हणाली. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. लहानपणी गणिताचं उत्तर आईने बरोबर म्हटलं तरी ती वही घेऊन माझ्याकडे यायची.

"आई म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो. माझा आवाज जिन्यात घुमला आणि मला परका वाटला. "मी तुला त्या दिवशी खोटं सांगितलं. तू ये. बॅग भर आणि ये."

"आले तर राहू कुठे?" हे तिने इतक्या लहान आवाजात विचारलं की मला तिच्या वयाचा विसर पडला.

"वर," मी म्हणालो. "वरचा मजला रिकामाच आहे."

म्हणालो आणि मग ऐकलं मी काय म्हणालो ते. वर माझा पलंग होता, टेबल, चष्मे, पावणेसहा लिहून ठेवलेला कागद, तीन वर्षांचा मी. लेकीच्या हातात यादी होती. कुठला मजला किती रिकामा आहे हे तिला मिनिटासकट ठाऊक होतं. "आणि तुम्ही?" तिने विचारलं.

मी डबीकडे बघितलं, मग वायरीकडे, मग वायरीच्या खालच्या टोकाकडे. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती प्लगकडे बघून बोलली.

"हे खाली असतात," ती म्हणाली.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"आजपासून."

तीन वर्षं मी ज्या हाकेसाठी कान देऊन बसलो होतो ती ही अशी आली. मला मारलेली नव्हेच. माझ्याविषयी, दुसऱ्या कुणाशी बोलताना, सामान कुठे ठेवायचं ते सांगावं तशी. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. तिच्या खोलीत झोपायचं, तिच्या श्वासाशेजारी, आणि रविवार नसताना काय बोलायचं? आता वर जाता येणार नव्हतं आणि खाली मला कुणी बोलावलं आहे याची खात्री नव्हती. मी वळणावर उभा होतो, एक हात भिंतीवर. "बाबा, खरं का?" लेक विचारत होती. तिच्याकडे उजाडायला लागलं असेल. मी एक पायरी उतरलो, आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हो."